कोल्हापुरात बायकांच्या सिनेमाचा महोत्सव : फक्त दिग्दर्शिका, की सगळ्याजणी?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. आमचा नऊजणींचा वाचनगट आहे. गेल्या दिवाळीत ठरवलं की सिनेमा करणाऱ्या बायकांच्या कामाचा गौरव म्हणून कोल्हापुरात दोन दिवसांचा छोटा महोत्सव करायचा. पाच सिनेमे, मध्ये गप्पा, चहा. खर्च वर्गणीतून. शाहू स्मारकला चौकशी केली आहे, नाही जमलं तर एखादं शाळेचं सभागृह.

आता आमच्यातच दोन तट पडलेत. अर्ध्याजणी म्हणतात, बाईने दिग्दर्शित केलेलेच सिनेमे दाखवायचे, नाहीतर महोत्सवाला अर्थ काय? माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्या गावची भानू अथैया. २८ एप्रिल १९२९ ला कोल्हापुरात जन्म, माहेरची राजोपाध्ये. वडील बाबूराव पेंटरांच्या सिनेमांशी जोडलेले, आणि ते गेले तेव्हा ही लहान. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ साली तिला ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं. तिने एकही सिनेमा दिग्दर्शित केला नाही. कोल्हापुरातल्या बायकांच्या महोत्सवात तिलाच जागा नसेल तर मला तो महोत्सव आपला वाटणार नाही.

तुम्हाला काय वाटतं? आणि कुठले पाच सिनेमे?

तिकटी
पहिला! छान कल्पना. वाचतोय.

पेठेतला_पैलवान
ताई, तुमचा उत्साह चांगला आहे, पण मला वेगळा महोत्सवच पटत नाही. सिनेमा चांगला असतो नाहीतर वाईट असतो, त्यात बाई-पुरुष कशाला? सुमित्रा भावेंच्या 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं ते सगळ्या देशातल्या सिनेमांत पहिलं येऊन, बायकांच्या रांगेत नाही. वेगळी रांग लावली की मान कमी होतो.

अनघा_पन्हाळा
पैलवानदादा, रांग आम्ही लावली नाही हो, ती आधीपासून होती. बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' आला १९२० साली. त्याच्या थोडंच आधी नाटक-सिनेमात बायकांची कामं पुरुष करायचे. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते साळुंके. पेंटरांनी गुलाबबाई आणि अनुसयाबाई यांना उभं केलं, तर समाजाने त्या दोघींना वाळीत टाकलं. राहायला जागा नाही, म्हणून स्टुडिओच्या आवारातच राहिल्या. पडद्यावर नावंसुद्धा बदलून आली, कमलादेवी आणि सुशीलादेवी.

आज 'सैरंध्री' बघायला मिळत नाही. म्हणजे त्या दोघींनी जे सोसलं त्याचा एक फूटही आपल्याकडे नाही. खरी कॉर्नरला पेंटरांच्या आठवणीसाठी कॅमेरा स्तंभ आहे, त्याच्यासमोरून मी रोज जाते. तिथे उभं राहून गुलाबबाईंची आठवण काढणारा कोणी भेटला तर मला सांगा.

पेठेतला_पैलवान
ही माहिती नव्हती मला. पण मुद्दा तोच राहतो माझा. त्यांचं नाव सगळ्यांच्या महोत्सवात घ्या की.

मीठभाकर
घेतात का पण? बाबूराव पेंटर, भालजी पेंढारकर, शांतारामबापू, मास्टर विनायक. कोल्हापूरच्या सिनेमावर भाषण असलं की हीच चार नावं, हीच क्रमवारी. चौघंही मोठे, वादच नाही. पण दुर्गाबाई खोटे 'अयोध्येचा राजा'त तारामती झाल्या ते १९३२ साली, प्रभात फिल्म कंपनी तेव्हा कोल्हापुरातच होती, पुण्याला गेली १९३३ मध्ये. मराठीतला पहिला बोलपट आपल्या गावात झाला हे अभिमानाने सांगतो आपण. पुढे याच दुर्गाबाईंनी 'साथी'ची निर्मिती स्वतः केली, हे कोण सांगतं?

गडहिंग्लजकर
मीठभाकर, +१. सुलोचनादीदींचंही तसंच. खडकलाटची पोरगी, जयप्रभा स्टुडिओत भालजींच्या हाताखाली शिकली. लोक तिला 'सिनेमातली आई' म्हणून मोकळे होतात. त्या 'आई'मागे शिकलेली कला होती. बोलण्याची पट्टी, पदर सावरायची ढब, नजर कुठे ठेवायची, सगळं घासून घेतलेलं.

रंकाळाकाठ
सगळ्यांचे आभार. पैलवानदादा, तुमचं म्हणणं गटात वाचून दाखवलं, दोघींना पटलं. पण महोत्सव होणार, हे नक्की. आता प्रश्न एवढाच की दार किती मोठं ठेवायचं.

शिवणयंत्र
पहिल्यांदाच लिहितेय इथे. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी आजी स्टुडिओसाठी शिवायची. साठीच्या दशकातलं सांगते. आजोबांचं दुकान चालत नव्हतं, घरी शिवणयंत्र होतं. ऐतिहासिक सिनेमाचं काम निघालं की एक माणूस सायकलवर कापडाचा गठ्ठा टाकून जायचा आणि आठ दिवसांत चाळीस मावळे उभे करायचे असायचे. आजी सांगते, पुढच्या रांगेतल्या सहाजणांचे अंगरखे नीट शिवायचे, मागच्यांना नुसता धावदोरा. कॅमेरा तिथवर पोचत नाही. नवं कापड नवं दिसू नये म्हणून चहाच्या पाण्यात भिजवायचं आणि न पिळता वाळत घालायचं, म्हणजे डाग आपोआप कमीजास्त पडतात.

सगळ्यात जपायचं ते बाराबंदीला. तिला बारा बंद. लढाईच्या शॉटमध्ये ओढाताणीत ते तुटतात, आणि तुटले की शॉट थांबतो. म्हणून आजी दुहेरी दोऱ्याला मेण लावून बंद शिवायची आणि उलट्या बाजूने कापडाचा चौकोनी तुकडा लावायची, रुपयाएवढा. कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून आत कॉलरपाशी रंगीत दोऱ्याचे टाके घालायची. लाल दोन टाके म्हणजे नायक. नायकाच्या बाराबंदीचा बंद कधी तुटला नाही, हे ती आजही सांगते.

एका सिनेमाचे पैसे आलेच नाहीत. कोणाचे ते लिहीत नाही. आजी तीन वेळा चालत गेली, तिसऱ्या वेळी दारावरच्या माणसाने 'बाई, पुन्हा येऊ नका' सांगितलं. आणि नाव तर कुठल्याच सिनेमाला आलं नाही. सिनेमा लागला की ती आम्हा नातवंडांना पडद्यावरचे कपडे दाखवायची, 'तो बघ, तिसरा, तो माझा.'

रंकाळाकाठ ताई, तुमच्या दारातून माझी आजी आत येणार असेल तर मी वर्गणी देते. नाहीतर नाही.

कातरवेळ
शिवणयंत्र, दोनदा वाचलं. रुपयाएवढा चौकोनी तुकडा डोळ्यांपुढून जात नाही.

तिकटी
लई भारी लिहिलंय ताई. आजी आहेत का अजून?

शिवणयंत्र
आहे की. ऐंशी ओलांडली. सुईत दोरा स्वतः ओवते अजून, फक्त खिडकीत बसून.

नऊवारी_ते_जीन्स
मी आत्ताच्या काळातलं सांगते. सहा वर्षं मालिकांसाठी कंटिन्युइटी बघितली, त्यातली बरीचशी चित्रनगरीत, मोरेवाडीला. हे काम काय असतं ते घरच्यांनाही नीट सांगता आलं नाही मला. एक प्रसंग सोमवारी अर्धा होतो, उरलेला गुरुवारी. मधल्या तीन दिवसांत नायिकेचं मंगळसूत्र पदराच्या वर होतं की आत? उजव्या हातात बांगड्या किती? दुधाचा पेला कुठवर भरलेला? एकदा उजव्या हातातल्या आठांपैकी एक बांगडी फुटली आणि कोणी सांगितलं नाही. मी फोटो ताडून पाहिला तेव्हा सात निघाल्या. तशीच बांगडी आणायला पोरगा महाद्वार रोडला पळाला, पंचेचाळीस मिनिटं सेट थांबला, शिव्या मी खाल्ल्या. पण प्रेक्षकाला ती बांगडी खटकली नाही. काम नीट झालं की ते दिसत नाही, असं हे काम.

माझी तक्रार दुसरी आहे. बाहेरच्या चित्रीकरणाला एकच व्हॅनिटी व्हॅन, ती मुख्य कलाकारांची. आम्ही चार मुली शेतावरच्या घरी 'मावशी, आत येऊ का' विचारत जायचो. उन्हाळ्यात मुद्दाम पाणी कमी प्यायचो. त्यात मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, दोन महिने घरी बसले, पगार नाही. ज्यांच्याकडे काम करत होते त्यांनी फोनही केला नाही. 'या क्षेत्रात मुली टिकत नाहीत' असं कोणी म्हटलं की मला तो बांध आणि ते शेत आठवतं.

तर गौरव जरूर करा. पण एक तास असाही ठेवा जिथे हे बोलता येईल.

रंकाळाकाठ
तो तास पक्का. लिहून घेतला.

पेठेतला_पैलवान
नऊवारी ताई, हे वाचून वाईट वाटलं. माझी बहीण नर्स आहे, खेड्यात ड्युटी. तीही पाणी कमी पिते. हे कधी सिनेमाशी जोडून बघितलं नव्हतं.

सायकलस्वार
थोडं अवांतर. जयप्रभा १९४८ च्या जाळपोळीत जळाला, भालजींनी पुन्हा उभा केला. पुढे लता मंगेशकरांनी तो घेतला. हे सगळ्यांना माहीत असतं. पण भालजींच्या सिनेमांना 'आनंदघन' या नावाने संगीत देणाऱ्या त्याच लताबाई होत्या हे माझ्या वडिलांना कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती'. 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला. वडील म्हणायचे, आनंदघन कोणी कोल्हापूरचा जुना भजनी माणूस असावा. इतकं ते मातीतलं होतं.

अनघा_पन्हाळा
अवांतर नाही, हाच तर मुद्दा. 'साधी माणसं' भालजींचा. दिग्दर्शक पुरुष. ताईंच्या गटातल्या अर्ध्याजणींच्या नियमाने तो बाद. पण त्यातलं लोहाराच्या भात्यापुढचं गाणं आठवा. सूर बाईचा आणि चालही बाईचीच. तो सिनेमा महोत्सवात हवा की नको?

गडहिंग्लजकर
हवाच.

संकलन_टेबल
मी मात्र गटातल्या 'फक्त दिग्दर्शिका' म्हणणाऱ्या अर्ध्याजणींच्या बाजूची. पुण्यात संकलन करते, माहेर आर. के. नगर. ऐका माझं जरा.

दार फार मोठं केलं की आत पुन्हा तेच येतात. प्रत्येक सिनेमात कुठे ना कुठे बाईचं काम असतंच, मग कुठलाही सिनेमा चालेल, आणि शेवटी मंचावर बसणार तो दिग्दर्शक. असं घडताना बघितलंय मी. दिग्दर्शन म्हणजे शेवटचा शब्द. शॉट ठेवायचा की काढायचा हे ठरवण्याचा हक्क. रेणू सलुजा इतक्या थोर, 'परिंदा', 'धारावी', 'सरदार', 'गॉडमदर', चार राष्ट्रीय पुरस्कार. त्यांच्यामुळेच मी या कामात आले. पण शेवटचा शब्द त्यांच्या हातात नव्हता. भारतात फातिमा बेगमने १९२६ साली तो हक्क घेतला, 'बुलबुल-ए-परिस्तान' काढून. सई परांजपेंनी घेतला. सुषमा शिरोमणींनी घेतला, आणि तोही थेट गल्ल्यावर. स्मिता तळवलकरांनी आधी निर्मिती केली, मग 'सवत माझी लाडकी' स्वतः दिग्दर्शित केला. हा हक्क किती महाग पडतो हे सांगणारा महोत्सव मला हवाय.

मीठभाकर
संकलन टेबल, तुमचं म्हणणं वजनाचं आहे. पण शिवणयंत्राच्या आजीला शेवटचा शब्द कधी मिळणार होता? घरचं दुकान चालेना आणि आठ दिवसांत चाळीस अंगरखे.

संकलन_टेबल
मीठभाकर, तोच तर माझा राग आहे. त्या आजींना पर्यायच नव्हता, आणि आपण त्याला कौतुकाने 'योगदान' म्हणून मोकळे होतो. सरस्वतीबाई फाळक्यांचं बघा. कच्च्या फिल्मला रात्र रात्र भोकं पाडली, रसायनं कालवली, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला, दागिने दिले. इतिहासात काय आलं? 'पत्नीची साथ'. मला भीती वाटते की आपणही तसंच करू. हार घालू आणि घरी जाऊ.

शिवणयंत्र
ताई, तुम्ही माझ्या आजीच्या बाजूनेच बोलताय हे कळलं मला. तिला हार नको आहे. आठवीपर्यंत शिकलेली बाई आहे, हिशेबाची वही अजून ट्रंकेत आहे. कुठल्या सिनेमाला किती नग, किती पैसे आले, किती बुडाले, सगळं तारीखवार. ती वही टेबलावर ठेवता येईल का?

संकलन_टेबल
वही आहे?? मग मी माझा हट्ट अर्धा सोडते. ती वही काचेखाली ठेवा. आणि पानांचे फोटो काढून ठेवा आजच, जुना कागद वाऱ्यावर टिकत नाही. पुढच्या आठवड्यात माहेरी येतेय, म्हणाल तर मी येऊन काढते.

कागलची_कॅमेरावाली
मी १९ वर्षांची आहे. मामाच्या पोराबरोबर लग्नाचं शूटिंग करते. कॅमेरा मीच धरते, तो ड्रोन बघतो. लग्नात म्हाताऱ्या बायका आधी हसतात, मग हळूच येऊन म्हणतात, 'माझा एक काढ गं, त्या पोरांपुढं लाज वाटते.' माझ्याकडे अशा चाळीसएक आज्या आहेत. देवळाच्या पायरीवर, मांडवाच्या खांबाला टेकून, पदर नीट करताना. या सगळ्यांची मिळून सात मिनिटांची फिल्म केलीय. अजून कोणाला दाखवली नाही. कर्तृत्व गाजवलेल्यांचाच महोत्सव असेल तर मी बसत नाही त्यात, पण विचारावं वाटलं.

गडहिंग्लजकर
पोरी, नाद खुळा! सात मिनिटं काय, सत्तर दे की.

नऊवारी_ते_जीन्स
कॅमेरावाली, दाखवच. त्याआधी एक कर. त्या आज्यांपैकी जेवढ्या सापडतील तेवढ्यांना फोन करून 'पडद्यावर दाखवू का' विचार. लग्नात फोटो काढून घेणं वेगळं आणि सभागृहात दिसणं वेगळं.

कागलची_कॅमेरावाली
हो ताई, विचारते. हे सुचलं नव्हतं मला.

सायकलस्वार
तारीख कुठली? ८ मार्च नको बुवा. त्या दिवशी गावात बायकांचे पन्नास कार्यक्रम असतात, सगळीकडे गुलाबी फलक, आणि बायकांना धड एकाही ठिकाणी बसता येत नाही.

अनघा_पन्हाळा
२८ एप्रिलच्या आसपासचा शनिवार-रविवार धरा. भानुताईंचा वाढदिवस. २०२९ ला त्यांची जन्मशताब्दी आहे, तोवर महोत्सव रुजलेला असेल.

पेठेतला_पैलवान
एप्रिल अखेर म्हणजे वळीव. दुपारी चारला ढग आले की लाईट गेलीच म्हणून समजा. जनरेटर असलेलंच सभागृह घ्या. आणि जोतिबाची यात्रा बघून तारीख ठरवा, चैत्र पौर्णिमा पुढेमागे सरकते. त्या दोन दिवसांत गावात गाडी लावायला जागा मिळत नाही.

वेगळ्या महोत्सवाबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण माझ्याकडे चांगला प्रोजेक्टर आहे. तालमीत कुस्तीच्या जुन्या चित्रफिती दाखवतो आम्ही त्यावर. भाडं नको.

रंकाळाकाठ
दादा, तुमचं मत आणि तुमचा प्रोजेक्टर दोन्ही घेऊन या. वेगळ्या महोत्सवाविरुद्ध जे वाटतं ते तिथे मंचावरून बोला, आम्हाला ऐकायचं आहे.

संकलन_टेबल
परवानग्यांचं आधी बघा. घरच्या ओटीटी खात्यावरून चारचौघांत सिनेमा दाखवता येत नाही. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांचं पत्र लागतं. निर्मात्यांना साधं, सरळ पत्र लिहा, किती खुर्च्या, तिकीट आहे की नाही, कोण करतंय. जुन्या सिनेमासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयालाही विचारा. आठ-दहा आठवडे हाताशी ठेवा. पत्राचा मसुदा मी करून देते.

मीठभाकर
माझे पाच: सुमित्रा भावेंचे 'दोघी' आणि 'कासव', सई परांजपेंचा 'दिशा', शिवाय 'साधी माणसं' आणि 'कळत नकळत'. 'दोघी' पहिल्या दिवशी सकाळी नको. बघून झाल्यावर माणसाला थोडा वेळ एकटं बसावं लागतं. दिवसाचा शेवट त्यानेच करा.

कातरवेळ
'कळत नकळत'ला अनुमोदन. कांचन नायकांचं दिग्दर्शन, स्मिता तळवलकरांची निर्मिती. १९८९ मधला आहे हे खरं वाटत नाही.

तिकटी
आणि भानू अथैयांचा कुठला? 'लगान' की 'लेकिन'? दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार आहे.

शिवणयंत्र
'लगान' दाखवा. गावातल्या माणसांचे साधे कपडे आहेत त्यात. झगमग कोणीही करतं, पण धोतर आणि बंडी अंगावर वापरलेली वाटायला हवी, ते अवघड. आजीला बघायचाय मोठ्या पडद्यावर.

रंकाळाकाठ
काल रात्री गटात हा धागा पहिल्यापासून वाचला. असं ठरलं. दोन सिनेमे बाईने दिग्दर्शित केलेले: 'दिशा', 'दोघी'. तीन सिनेमे बाईच्या हातच्या कामासाठी: निर्मितीसाठी 'कळत नकळत', संगीतासाठी 'साधी माणसं', वेशभूषेसाठी 'लगान'. या तिन्हींच्या आधी दहा-दहा मिनिटं फक्त त्या कामाबद्दल कोणीतरी बोलायचं, दिग्दर्शकाबद्दल नाही. संकलन टेबल यांची अट आहे ही, आणि ती सगळ्यांना पटली. 'कासव' पुढच्या वर्षी. रविवारी सकाळी नऊवारी ताईंचा तास, त्यानंतर कॅमेरावालीची सात मिनिटं. परवानगीची पत्रं सोमवारी जातील.

दारात टेबल, टेबलावर शिवणयंत्राच्या आजीची वही. उद्घाटनाला पाहुणा बोलवणार नाही. शिवणयंत्र, आजींना विचारशील का?

शिवणयंत्र
विचारलं. आधी नाही म्हणाली, मग विचारलं की साडी कुठली नेसू. आता तिचा एकच प्रश्न आहे. सभागृहाला पायऱ्या किती आहेत, आणि कठडा आहे का.

पेठेतला_पैलवान
उद्या सकाळी तिकडूनच जाणार आहे. मोजून सांगतो.